चारशे बारा नंबरचं झाड

नंबर नसलेली एक तरी वस्तू आमच्या घरात शोधून दाखवा आणि फुकट चहा प्या, असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आजवर एकालाही तो चहा मिळाला नव्हता. स्वयंपाकघरातले डबे एक ते एकोणीस, खुर्च्या एक ते चार, किल्ल्या, छत्र्या, अगदी मामांच्या बुटांच्या आतही एक आणि दोन. जणू उजवा कुठला नि डावा कुठला, ही रोजची पंचाईत होती. "साखर कुठंय?" असं त्या घरात विचारलं की "सातात बघ" असं उत्तर यायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मामींनी बजावलं होतं, "घरादारावर काय हवं ते रंगवा, माझ्या अंगाला तेवढा ब्रश लावू नका."

हे मामा म्हणजे नंबरमामा. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण तिथं ते बघायला कोण जातंय? जंगलखात्यात झाडमोजणीच्या कामावर ते विशीत लागले आणि एकतीस वर्षं तेच काम करत राहिले. जंगलाचा एक तुकडा घ्यायचा, त्यातल्या एकेका झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, खोडावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालायचा आणि वहीत नोंद करायची. नंबर, जात, घेर, शेरा. बस्स. ऐकायला सोपं वाटतं. दिवसाला तीस झाडं करून बघा, म्हणजे गुडघे काय म्हणतात ते कळेल.

त्यांच्या जोडीला बावीस वर्षं एकच बाई होती. टेप तिच्या हातात, म्हणून ती टेपताई. ती झाडाला टेप घालून घेर दोनदा ओरडून सांगायची, मामा तोच आकडा एकदा मोठ्याने म्हणायचे आणि मगच लिहायचे. वाऱ्यापावसात ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून दोघांनी घालून घेतलेली ही शिस्त होती. घरी भाजी आणायला सांगितली तरी मामा ती एकदा मोठ्याने म्हणून दाखवायचे, इतकी ती अंगात मुरली होती.

मामांचे आकडे म्हणजे बघत राहावेत असे. नवीन आलेल्या वनरक्षकांना वाटायचं, पत्र्याचा साचा ठेवून काढले असतील. आणखी दोन सवयी होत्या. नंबर घालून झाला की ओल्या रंगावर एक फुंकर घालायची आणि खोडावर दोनदा थोपटून म्हणायचं, "झालं बरं का."

"झाडाची दाढी केल्यासारखं काय बोलता, मामा!" टेपताई हसायची.

"बिचारं इतका वेळ गुमान उभं राहतं. सांगायला नको?" मामा म्हणायचे.

आता त्या जंगलातल्या बुंध्याबद्दल सांगायला हवं. ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि नीट असा तो कुणीच पाहिलेला नाही, म्हणजे सगळ्यांसाठीच आलं. बुंध्या हा शिकारी प्राणी. मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहतो, पुढचे पाय छातीशी घडी करून घेतो, मान खांद्यांत ओढून घेतो आणि बघता बघता त्याचं झाड होतं. अंगावर सालीसारखी कातडी, त्यावर शेवाळ, शेवाळात एखादं खरंखुरं गवताचं पातं. पापण्यासुद्धा सालीच्याच. ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेशी असा चार-चार दिवस उभा राहतो. हरिण आलं, शेळी आली, की एकदाच वाकतो आणि काम संपतं. त्याला फांद्या नसतात ही खूण खरी, पण वाऱ्याने शेंडा मोडलेली उभी खोडं त्या जंगलात शेकड्यांनी होती. दुसरी खूण मुंग्यांची. बुंध्यावर मुंगी चढत नाही. म्हणून त्या भागात झाडाला टेकण्याआधी मुंग्या बघायची पद्धत होती. अळंबी वेचायला जाणाऱ्या बायका तर मुंगी दिसल्याशिवाय झाडाच्या सावलीतही बसत नसत.

वर्षाकाठी पाच-सहा शेळ्या जायच्या. तीन वर्षांपूर्वी एक लाकूडतोड्या गेला. खात्याचा हुकूम स्पष्ट होता. बुंध्याचा सुगावा लागला की कळवायचं, मग बंदूकवाल्यांचं पथक येणार. पथक आजवर चारदा आलं होतं आणि मोठ्या शौर्याने अकरा झाडांवर गोळ्या झाडून परत गेलं होतं. त्या अकरा झाडांच्या शेऱ्यात मामांना "गोळी लागली" असं लिहावं लागलं होतं.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना ती सकाळ उजाडली. थंडी कडाक्याची होती. टेपताईच्या लेकीचं बाळंतपण आलं होतं, म्हणून ती पंधरा दिवस रजेवर होती. नियमाने मामांनी थांबायला हवं होतं. पण हातातला तुकडा आपल्या हाताने पुरा करून जायचा, ही त्यांची हौस. एकट्याने मोजायची एक रीत असते. टेपेचं टोक खिळ्याने खोडाला ठोकायचं, आपण झाडाला फेरी मारायची आणि घेर वाचायचा. तशी त्यांनी झाडामागून झाड उरकत चारशे अकरापर्यंत मजल मारली. प्रत्येकाला खिळा, प्रत्येकाला फेरी. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

चारशे बारावं खोड उभं होतं काटेरी झुडपात. शेंडा मोडलेलं, शेवाळलेलं. फेरी मारायची म्हणजे अंगभर ओरखडे. मामा दोन क्षण उभे राहिले. इतक्या वर्षांत डोळा बनला होता. "एकशे बेचाळीस," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहून टाकलं: घेर १४२, शेरा: शेंडा नाही. टेप न लावता लिहिलेला आयुष्यातला पहिला आकडा. मुंग्या बघायचं मनात आलं होतं, पण एवढ्या थंडीत कुठली मुंगी घराबाहेर पडते?

झुडपातून हात घालून त्यांनी चार काढला. एक काढला. दोन काढताना हात स्थिर राहावा म्हणून नेहमीप्रमाणे डावा तळवा खोडावर टेकवला.

खोड गरम होतं. आणि तळव्याखाली काहीतरी सावकाश वर येत होतं, सावकाश खाली जात होतं.

पळावं, तर लाकूडतोड्याही पळालाच होता. ओरडावं, तर ऐकायला होतं कोण? एकच गोष्ट त्यांच्या लक्षात आली. आपल्याला कळलंय हे याला कळता कामा नये. म्हणून त्यांनी अर्धा राहिलेला दोन पुरा केला. शेपटीसकट, नेहमीसारखा. मग ओल्या रंगावर फुंकर घातली. त्या फुंकरीने साल थरथरली, माशी बसल्यावर घोड्याचं अंग थरथरतं तशी. मामांनी दोनदा थोपटलं. "झालं बरं का," ते म्हणाले. आवाज घशातून निघाला की नाही, ते त्यांना आठवत नाही.

मग डबा उचलून ते त्याच्याकडे पाठ करून पुढच्या झाडाकडे गेले. मध्ये बारा पावलं होती. त्या बारा पावलांत त्यांना मामी आठवल्या, सात नंबरचा डबा आठवला आणि खिळा आठवला. काटे नसते तर आपण त्याच्या अंगात खिळा ठोकला असता! आपल्या आळसाचे इतके आभार त्यांनी कधी मानले नव्हते. पुढच्या झाडावर त्यांनी चारशे तेरा काढला. तो दारू पिऊन काढावा तसा वाकडातिकडा आला. वळून बघायचा धीर झाला तेव्हा मागे झुडूप तेवढं होतं. चारशे बारा निघून गेलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी बूट वर्तमानपत्रावर ठेवले, रॉकेलच्या बोळ्याने नखांतला रंग काढला आणि मामींना सगळं सांगितलं. मामींनी चहात तीन चमचे साखर घातली. मग त्यांची बाही घट्ट धरून बराच वेळ बसून राहिल्या.

"कळवायला हवं ना खात्याला?" मामींनी शेवटी विचारलं.

"टेप लावली नाही, हेही सांगावं लागेल," मामा म्हणाले. "ते सांगेन एक वेळ. पण अगं, त्याच्या अंगावर आता हाताएवढा पांढरा नंबर आहे. आपल्या पथकाचासुद्धा नेम चुकणार नाही. त्याने मनात आणलं असतं तर मी आज या खुर्चीत नसतो."

"मग राहू द्या," मामी म्हणाल्या. "माझा माणूस ज्याने परत पाठवला, त्याच्यावर बंदूक कशी धाडायची?"

दोघांनी तोंडाला कुलूप घातलं. पुढे रोज कामावर जाताना मामा त्या झुडपाशी क्षणभर थांबायचे आणि मनातल्या मनात "उपकार झाले" म्हणायचे. सकाळच्या चहाची चव, पोरीचा फोन, गुडघ्याची कळसुद्धा त्यांना आता फुकट मिळाल्यासारखी वाटायची. मामी म्हणायच्या, "आधी हा माणूस नुसताच चांगला होता, आता गोडही झालाय. सांभाळणं कठीण."

टेपताई नातीचं कौतुक सांगत परत आली. चारशे तेराजवळ मात्र तिची पावलं थांबली. "मामा, हा नंबर तुम्ही काढलात?"

"थंडीने हात गारठला होता."

टेपताईने त्या वाकड्या आकड्याकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली.

निवृत्तीला महिना उरला असताना पडताळणी आली. दरवर्षी येते. वहीतली चार-दोन पानं उघडायची, त्यातली झाडं जाग्यावर आहेत का ते बघायचं आणि सही करायची. यंदा आल्या होत्या त्या बाई तरुण, चष्मेवाल्या, आणि कामाला वाघ. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. चारशे अकरा होतं. चारशे तेरा होतं, दिसायला भयंकर असलं तरी होतं. चारशे बारा नव्हतं.

पडताळणीबाईंनी काटेरी झुडपाला तीन फेऱ्या मारल्या. "झाड तोडलं तर बुडखा राहतो. पडलं तर खड्डा राहतो. इथं दोन्ही नाही. म्हणजे हे झाड कधी नव्हतंच, मामा. बसल्या जागी लिहिलंत."

मामांनी काट्यांत अडकलेली बाही सोडवून घेतली.

"एक आकडा खोटा असेल तर बाकीचे खरे कशावरून?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुमच्या सगळ्या वह्या फेरमोजणीला काढाव्या लागतील. एकतीसच्या एकतीस वर्षांच्या. काय ते परवा सकाळी मला लेखी द्या."

सव्वादोन लाख झाडं. एकेकाला थोपटून, एकेकाला सांगून नंबर घातलेला. त्या नंबरांवर विश्वास ठेवून कुठे रस्ते आखले गेले, कुठे तोड थांबली. मामांची आयुष्यभराची मिळकत म्हणाल तर एवढीच होती, की हा माणूस लिहितो ते असतं. तेच आता जाणार होतं. वाचवायचं तर खरं सांगायचं. आणि खरं सांगितलं की दुपारपर्यंत पथक ओढ्यावर.

मामा दोन नंबरच्या खुर्चीत कागद घेऊन बसले. मामी समोर शेंगा सोलत होत्या. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला.

"खरं लिहा," मामी म्हणाल्या. "माझ्याच्यानं तुमचं हे तोंड बघवत नाही."

"आणि त्याचं काय?"

मामींचे हात थांबले. त्यांनी एक शेंग उगाच दोनदा सोलली. "मला विचारू नका. मी हो म्हटलं तर मलाच झोप लागायची नाही."

तिसऱ्या कागदावर मामांनी लिहिलं: "चारशे बारा नंबरचं झाड अस्तित्वात नाही. नोंद चुकीची असून चूक माझी आहे." अक्षर नेहमीसारखं एका ओळीत आलं. मामींनी ते वाचलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इस्त्रीचा शर्ट काढून ठेवते. जाताना ताठ जा."

ठरल्या दिवशी सकाळी मामा मोजणीच्या खोलीत गेले. दोन लोखंडी कपाटं, त्यात त्यांच्याच वह्यांच्या चळती, खिडकीशी टेबल, टेबलाशी पडताळणीबाई. मामांनी कागद पुढे ठेवला. बाईंनी तो वाचून बाजूला सारला आणि मान हलवली. त्यांनाही बरं वाटलं नसावं.

तेवढ्यात दारात गलबला झाला. टेपताई आत आली आणि तिच्यामागून अळंबीवाल्या चार बायका, खांद्यावर सतरंजीच्या वळकटीसारखं काहीतरी घेऊन. त्यांनी ते जमिनीवर टाकलं आणि उलगडलं. साल होती. शेवाळलेली, आतून फिकट पिवळी, माणसाहून उंच. आणि मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटचा ठसठशीत ४१२.

मामा भिंतीला टेकले.

"ही बुंध्याची कात आहे, बाई," टेपताई म्हणाली. "वर्षातून एकदा टाकतो. यांना ओढ्यावर सापडली, झाले तीन आठवडे. मामांच्या निरोपाला द्यायची म्हणून आम्ही जपून ठेवली होती. पण काल कळलं, तुम्ही त्यांना खोटं ठरवताय."

पडताळणीबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या. "म्हणजे यांनी नंबर घातला तो—"

"जिवंत बुंध्याला घातला. आणि घालून पुरा केला."

"तुला कसं कळलं?" मामांनी विचारलं.

"चारशे तेरा बघूनच काहीतरी झालंय ते कळलं होतं. पुढच्या आठवड्यात या मला सांगत आल्या, ताई, चारशे बारा नंबरचं झाड ओढ्याकडे चालत गेलं."

बायकांमधली सगळ्यात थोरली, जिला सगळे छत्रीआजी म्हणत, ती पुढे झाली. "पहिल्यांदा दिसलं तेव्हा आमची गाळण उडाली. मग म्हटलं, अगं, हे तर बरंच झालं! आता तो कुठं उभा आहे ते आपल्याला दिसतंय. पाच महिने आमची एक शेळी गेली नाही, मामा. पोरीबाळी गाणी म्हणत ओढ्यावर गेल्या. तुमचं नाव निघाल्याशिवाय आमची टोपली उतरत नाही."

"मग कळवलं का नाही?" बाईंनी विचारलं.

"कशाला? तुम्ही याला मारलं असतं, आणि त्याच्या जागेवर दुसरा आला असता. बिननंबरचा. त्यापेक्षा हा ओळखीचा बरा."

मामांच्या मनात पाच महिने एकच गोष्ट डाचत होती. ती त्यांनी आता विचारली. "पण पोट भरत होतं का त्याचं? त्या पांढऱ्या नंबरापायी..."

छत्रीआजी खुदकन हसली. "काही काळजी नको. नंबर मागच्या बाजूला ठेवून उभा राहायला शिकला होता. हरणं पुढून यायची. आम्ही आपल्या मागून जायचो. आता मात्र परत मुंग्या बघणं आलं."

पडताळणीबाई खाली बसून नंबरावरून बोट फिरवत होत्या. दोनाची शेपटी त्यांनी वहीतल्या दोनाशी ताडून पाहिली. मग विचारलं, "घेर एकशे बेचाळीस लिहिलाय. टेप लावली होती?"

इथे हो म्हणायला कुणाची हरकत नव्हती. "नाही," मामा म्हणाले. "डोळ्याने लिहिला. तेवढं माझं चुकलंच."

टेपताईने कमरेची टेप काढली. "धरा गं उभी," ती बायकांना म्हणाली. चौघींनी कात उभी केली, गोल केली, कडेला कड लावली. टेपताईने छातीच्या उंचीवर टेप घातली, फेरी मारली आणि बावीस वर्षं ओरडत आली तशी ओरडली, "एकशे एक्केचाळीस! एकशे एक्केचाळीस!"

"एकशे एक्केचाळीस," मामांच्या तोंडून आपसूक निघालं.

पडताळणीबाईंनी वहीकडे पाहिलं. एक सेंटिमीटर कमी.

"वाळली की आकसते, बाई," टेपताई शांतपणे म्हणाली.

बाईंनी मामांचा कागद घेतला, त्याची चौकोनी लहानशी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. पेनाचं टोपण काढलं आणि "शेंडा नाही" याच्या पुढे एकच शब्द लिहून खाली सही केली. पडताळलं.

"आणि पथक?" मामांनी हळूच विचारलं.

"नंबर नसलेलं झाड शोधायला?" बाई म्हणाल्या. "अकरा झालीत तेवढी पुरेत."

मामांना आभार मानायचे होते. बाईंचे, टेपताईचे, त्या चौघींचे, घरी उंबऱ्यात उभ्या असतील त्या मामींचे आणि ओढ्याकाठी कुठेतरी नव्या कोऱ्या सालीत उभा असेल त्याचे. पण सुरुवात कुणापासून करायची? बाईंनी लिहिलेली शाई अजून ओली होती. मामा टेबलाशी वाकले, त्यांनी तिच्यावर एक फुंकर घातली आणि वहीवर दोनदा थोपटलं.

"झालं बरं का," टेपताईच त्यांच्या वतीने म्हणाली.